कारण नसलेली सहल

यंदाच्या जानेवारीतली गोष्ट. नेसरीत आमच्या बचत गटाची मासिक बैठक चालू होती. हप्ते गोळा झाले, वही लिहून झाली, आणि दरवर्षीप्रमाणे संक्रांतीच्या हळदीकुंकवाचा विषय निघाला. वाण काय लुटायचं? कुणी म्हणालं प्लॅस्टिकचे डबे, कुणी म्हणालं स्टीलच्या वाट्या. भिंतीला टेकून बसलेल्या तिघीजणी मात्र गप्प होत्या. त्या तिघी विधवा. मे २०२२ मध्ये आमच्याच जिल्ह्यातल्या, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने ग्रामसभेत ठराव करून विधवा प्रथा बंद केल्या. त्याच महिन्यात शासनाने परिपत्रक काढून इतर गावांनीही हा कित्ता गिरवावा असं सांगितलं. हे सगळं आम्ही गटात वाचून दाखवलेलं आहे, त्यावर टाळ्याही वाजलेल्या आहेत. पण ठराव कागदावरून अंगणात उतरायला वेळ लागतो. हळदीकुंकवाचा विषय निघाला की त्या तिघींची नजर अजूनही खाली जाते.

त्या तिघींतल्याच एक आक्का अचानक म्हणाल्या, "त्या वाट्या घिऊन काय करायचं गं? घरात वाट्या कमी हैत व्हय? त्या पैशात समुद्र तरी बघून यिऊया."

सगळ्या हसल्या. मग हसू थांबलं आणि हिशेब सुरू झाला. आम्ही बसलेल्या चौदाजणी. त्यांतल्या अकराजणींनी समुद्र कधी पाहिलेला नव्हता. समुद्र काही परदेशात नाही. गडहिंग्लज, आजरा, आंबोली करत घाट उतरला की सावंतवाडी आणि पुढे वेंगुर्लं. सकाळी लवकर निघालं तर दुपारच्या जेवणाला किनाऱ्यावर पोचता येतं. आमच्या घरातले पुरुष, मुलगे, दीर, पुतणे किती वेळा मालवणला, गोव्याला जाऊन आले याचा कुणी हिशेब ठेवलेला नाही. पन्नाशी ओलांडलेल्या बायकांनी मात्र समुद्र टीव्हीवर पाहिलेला!

कशाला?

सहल ठरली. दोन दिवस, एक मुक्काम. आणि मग चौदा घरांतून एकच प्रश्न आला, "कशाला?"

"कुठे" हा प्रश्न नव्हता, "कोणाबरोबर" हाही नंतरचा. पहिला प्रश्न "कशाला?" काय काम आहे तिथं? कोण आजारी आहे? कुठला देव आहे? बाईने घराबाहेर पाऊल टाकायचं तर पावलाला कारण लागतं.

मी इथे माझी चूक कबूल करणार आहे. मी कारण दिलं. घरोघरी जाऊन सांगितलं की हा अभ्यास दौरा आहे. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत स्वामिनी महिला बचत गटाच्या बायका २०१७ पासून पर्यटकांना होडीतून कांदळवनाची सफर घडवतात, त्यांचं काम बघायला आम्ही चाललो आहोत. हे खोटं नव्हतं, आम्ही तिथे खरोखरच गेलो. पण ते पूर्ण खरंही नव्हतं. एम. एस. डब्ल्यू. करताना मला अहवाल लिहायला फार छान शिकवलं गेलं. उद्दिष्ट, कार्यपद्धती, फलनिष्पत्ती. समुद्रात पाय भिजवणं यांपैकी कुठल्या रकान्यात बसवायचं ते मात्र शिकवलं नाही. म्हणून मी "प्रशिक्षण" हा शब्द वापरला. त्या शब्दाने दारं उघडली. बारा घरांनी होकार दिला, दोन घरांनी नाही.

मैत्रिणींनो, आपण सगळ्याजणी हेच करत आलो नाही का? बाईला प्रवासाला जाण्याची परवानगी कोणकोणत्या कारणांसाठी मिळते ते एकदा मोजून बघा. माहेर. लग्न आणि मयत. बाळंतपण, स्वतःचं किंवा दुसरीचं. दवाखाना. देव. आमच्या भागातून बायका सौंदत्तीला जातात, जोतिबाला जातात, पंढरीच्या वारीला जातात. त्या यात्रांना मी नावं ठेवणार नाही. चुलीपासून, सासूपासून चार दिवस लांब राहून, चालत, गात, उघड्यावर झोपत बायकांनी तिथे मोकळा श्वास घेतला आहे. पण तिकीट देवाच्या नावाचं. आणि आपण चळवळीतल्या बायकांनी या यादीत दोन कारणांची भर घातली, मोर्चा आणि शिबिर. किती मैत्रिणींनी मला सांगितलं आहे की शिबिरातलं भाषण आठवत नाही, पण रात्री बारापर्यंत सगळ्याजणी अंगणात पडून गप्पा मारल्या ते आठवतं! आपण ते कधी अहवालात लिहिलं का?

शौर्य कुणाचं

आमच्या नेसरीचं नाव इतिहासात आहे. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी नेसरीच्या खिंडीत सरनोबत प्रतापराव गुजर सहा साथीदारांसह बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले आणि सातही जणांना वीरमरण आलं. खिंडीत स्मारक आहे. कुसुमाग्रजांच्या कवितेने आणि लताबाईंच्या आवाजाने ती घटना घराघरांत पोचवली. मीही लहानपणी ते गाणं ऐकून शहारत असे. आजही शहारते.

पण त्याच मातीत वाढताना मला हेही दिसलं की साहस म्हणजे घोड्यावरचा पुरुष, हे चित्र मनात पक्कं बसवलं जातं. बाईच्या साहसाची गोष्ट आपल्याला कुठली माहीत आहे? हिरकणीची. रायगडाचे दरवाजे बंद झाले आणि गवळण अंधारात कडा उतरून गेली. कशासाठी? घरी तान्हं बाळ होतं म्हणून. गोष्ट सुंदर आहे. पण जरा विचार करा, हिरकणी त्या कड्यावरून खालचं चांदणं बघायला उतरली असती तर तिच्या नावाचा बुरूज झाला असता का? आईपणासाठी केलेलं साहस ते शौर्य, आणि स्वतःसाठी केलेलं साहस तो आगाऊपणा!

आनंदीबाई जोशी १८८३ साली बोटीने अमेरिकेला निघाल्या. त्यांनाही आपण का जात आहोत याचं उत्तर लोकांसमोर उभं राहून द्यावं लागलं होतं. त्यांचं कारण मोठं होतं, वैद्यकीचं शिक्षण. कारण मोठं असलं की वाट मिळते.

आता काळ बदलला आहे, असं कुणी म्हणेल. बदलला आहेच. बचेंद्री पाल १९८४ साली एव्हरेस्टवर पोचल्या. आमच्या कोल्हापूरची कस्तुरी सावेकर मे २०२२ मध्ये पोचली. नौदलाच्या सहा महिला अधिकारी सप्टेंबर २०१७ मध्ये 'तारिणी' या शिडाच्या होडीतून गोव्याहून निघाल्या आणि पृथ्वीला फेरी मारून मे २०१८ मध्ये गोव्यालाच परतल्या. त्याच होडीतून लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच ऑक्टोबर २०२४ मध्ये निघाल्या आणि मे २०२५ मध्ये परतल्या. यांचा मला मनापासून अभिमान वाटतो. पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली आहे. जी बाई एव्हरेस्ट चढते तिची मिरवणूक निघते. जी बाई शेजारणीबरोबर पारगडावर जाऊन येते म्हणते, तिला विचारलं जातं, "रिकामी हैस काय?" अपवादाचं कौतुक करणं समाजाला सोपं जातं. कारण अपवादामुळे कुणाच्या घरचा स्वयंपाक थांबत नाही.

तीन ऋतू

पर्यटनाच्या जाहिराती म्हणतात, कोकण आणि सह्याद्री हा बारा महिने फिरण्याचा प्रदेश. पावसाळ्यात आंबोलीचे धबधबे, हिवाळ्यात गडकिल्ले, उन्हाळ्यात समुद्र. हे अगदी खरं आहे. आमच्या उशाला आंबोली आहे. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस तिथे पडतो. आजरा-गडहिंग्लजला पाणी पाजणारी हिरण्यकेशी तिथेच उगम पावते. चंदगडात पारगड, कलानिधीगड, गंधर्वगड, आमच्या तालुक्यात सामानगड. घाटाखाली सिंधुदुर्ग जिल्हा, ज्याला १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर केलं गेलं. निसर्गाने काही कमी केलेलं नाही. पण हेच ऋतू आमच्या गटातल्या बायकांच्या बाजूने बघा.

पावसाळा आला की रोपलावण. दिवसभर गुडघाभर चिखलात कमरेत वाकून, पाठीवर प्लॅस्टिकचा कागद बांधून. बाजूच्या रस्त्यावरून शनिवार-रविवारी गाड्या आंबोलीकडे जातात. कुणी थांबून लावणी करणाऱ्या बायकांचे फोटो काढतात, "किती सुंदर!" म्हणतात. आंबोलीच्या धबधब्यावर त्या दोन दिवसांत काय चालतं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. गाड्यांतून मोठ्याने गाणी, रस्त्यावर बाटल्या, उघड्या अंगाने नाचणारी टोळकी. २०१७ च्या पावसाळ्यात जवळच्या कावळेसादच्या कड्यावरून कठडा ओलांडलेले दोन तरुण दरीत गेले. तरी त्यानंतरही कठड्यावर चढणारे चढतातच. बेदरकारपणा म्हणजेच मर्दानगी असं ज्या मुलांना शिकवलं जातं, त्यांचाही त्यात बळी जातो हे आपण विसरू नये. पण त्या गर्दीत पाण्याखाली उभं राहायला बाई जाणार कशी? गेलीच तर नवऱ्याच्या, भावाच्या कड्यात उभी राहून, पदर सावरत. धबधबा सगळ्यांचा, पण तिच्या वाट्याला तुषारच.

हिवाळा आला की सुगी, भांगलण आणि उसाची तोड. ट्रेकिंगला जाणारे शहरी गट पाठीवर पिशवी घेऊन गड चढतात. आमच्या भागातल्या धनगरवाड्यांवरच्या बायका तसाच डोंगर रोज चढतात-उतरतात, डोक्यावर दूध, जळण किंवा दळण घेऊन. एकीच्या चालण्याला छंद म्हणतात, दुसरीच्या चालण्याला काहीच म्हणत नाहीत.

उन्हाळा म्हणजे काजू. चंदगड-आजऱ्याच्या काजू कारखान्यांत बी फोडायला, सोलायला बसलेल्या बहुतेक बायकाच असतात. काजूच्या टरफलातल्या तेलाने बोटं भाजतात, काळी पडतात, कातडी सोलवटते. शिवाय लग्नसराई, पापड-कुरडया, पाण्याची ओढ, सुट्टीला आलेली मुलं. समुद्रावर जायचा हंगाम हाच!

२०२४ सालच्या राष्ट्रीय कालवापर पाहणीत असं दिसलं की घरातलं विनामोबदला काम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटं देतात, आणि असं काम करणारे पुरुष ८८ मिनिटं. हा सगळा फरक कुणाच्या तरी फुरसतीत जमा होतो. गाडी काढून "चल, जाऊन येऊ" म्हणणारा माणूस ज्या वेळेवर स्वार झालेला असतो, तो वेळ घरातल्या बाईने त्याला कमावून दिलेला असतो.

आत आवाज नाही

तर आम्ही बाराजणी गेलो. आधी वेंगुर्ल्याला. खाडीत होडी वल्हवणाऱ्या बायका, कांदळवनाच्या झाडांची नावं आणि त्यांची श्वासमुळं समजावून सांगणाऱ्या बायका. आमच्या बायकांना झाडांपेक्षा वल्ह्यांचं नवल! होडी पुरुष चालवतो हे सगळ्यांनी धरून चाललेलं. आक्का हळूच मला म्हणाल्या, "हिला कुणी शिकीवलं आसंल?" परतताना त्यांनी विचारून स्वतः वल्हं हातात घेतलं.

दुसऱ्या दिवशी मालवण. सिंधुदुर्ग किल्ला पाहिला. १६६४ साली पायाभरणी झालेला तो जलदुर्ग बघून झाल्यावर किनाऱ्यावरच्या एका मुलाने विचारलं, "मावशी, पाण्याखालचं बघायचं काय?" तोंडाला नळी लावून, डोळ्यांवर काच बांधून पाण्यावर पालथं पडायचं आणि खालचे मासे, प्रवाळ बघायचं. बाराजणींपैकी चौघी तयार झाल्या. त्यांत एक काजू कारखान्यात काम करणारी, चाळिशीची. तिची बोटं खाऱ्या पाण्यात गेल्याबरोबर झोंबली. सोललेल्या कातडीला मीठ लागलं ना! ती ओरडली, हात बाहेर काढला, मी म्हटलं राहू दे. तिने मान हलवली आणि पुन्हा हात पाण्यात घातले.

दहा-बारा मिनिटांनी ती वर आली. मासे कसे होते, असं आम्ही विचारलं. ती म्हणाली, "माशे झालं गं... पर आत आवाजच न्हाई. कोण हाक मारत न्हाई."

मी स्त्री-आरोग्यावर, मानसिक ताणावर कितीतरी सत्रं घेतली आहेत. पण बाईच्या डोक्यावर चोवीस तास काय असतं हे इतक्या थोडक्यात मला कुणी सांगितलं नव्हतं. कोण हाक मारत नाही.

आता किनाऱ्यावरच्या गोष्टीही सांगायला हव्यात. ओल्या लुगड्यांनी बाहेर आल्यावर कपडे बदलायला जागा नव्हती. आम्ही चादरी धरून आडोसा केला. दोन तरुण मोबाईल धरून उभेच होते. आम्ही बाराजणी त्यांच्याकडे वळून उभ्या राहिलो तेव्हा ते गेले. बाराजणी होतो म्हणून. एकटी असती तर? स्वच्छतागृहासाठी अर्धा तास चालावं लागलं, म्हणून दोघी-तिघींनी सकाळपासून पाणीच प्यायलं नव्हतं. नऊवारी नेसलेल्या आक्कांचा कासोटा मात्र पाण्यात सगळ्यांत सोयीचा ठरला. गोल साडीवाल्या अडखळत होत्या आणि आक्का कंबरभर पाण्यात निवांत. आमच्या आज्या काय म्हणून कासोटा नेसत होत्या ते त्या दिवशी कळलं.

आणखी एक गोष्ट. आम्ही जिथे उतरलो होतो त्या घरगुती निवासातली वहिनी पहाटे पाचपासून रात्री अकरापर्यंत स्वयंपाकघरात होती. माशाचं कालवण, घावणे, सोलकढी, परत चहा. रात्री आम्ही तिला बोलावून आमच्यात बसवलं. तिला विचारलं, तुम्ही कधी ते पाण्याखालचं बघितलंत? ती हसली. म्हणाली, "समुद्र दारातच आसा, पण पाय भिजवूक सवड खंय गावता?" पावसाळ्याआधी, मेअखेरीला समुद्रातल्या होड्या बंद होतात, तेव्हा गर्दी सरते. पण तेव्हा समुद्र खवळलेला, आणि तिची स्वतःची शेती सुरू झालेली. म्हणजे आमची सहल हे तिचं काम! फुरसतीचा प्रश्न आपण फक्त स्वतःपुरता सोडवला तर ओझं एका बाईच्या डोक्यावरून दुसरीच्या डोक्यावर जातं, एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही आमची ताटं घासली, चहा आम्ही केला, आणि तिला बरोबर घेऊन किनाऱ्यावर गेलो. अर्धा तास. एवढंच जमलं.

परत आल्यावर

रात्री नेसरीत परतलो. दुसऱ्या दिवशी कळलं की आमच्यातल्या एकीला नवऱ्याने रात्रभर दाराबाहेर ठेवलं. तिच्या मोबाईलवरचा फोटो त्याने पाहिला होता. गुडघाभर पाण्यात उभी राहून हसणारी बायको. "ह्येच प्रशिक्षण व्हय?" एवढंच तो विचारत होता. आम्ही सगळ्याजणी तिच्या दारात जाऊन बसलो. दुपारपर्यंत बसलो. दार उघडलं. ती आत गेली, पण त्या घरात ती कशी राहते आहे हे मी अजूनही दर आठवड्याला जाऊन बघते.

पुढच्या बैठकीत मला वाटलं होतं की सगळ्या घाबरल्या असतील, आता पुन्हा नको म्हणतील. झालं वेगळंच. ज्या बाईला बाहेर ठेवलं होतं तिनेच मला सुनावलं, "ताई, तुमी प्रशिक्षण म्हणून सांगितलासा, म्हणून त्याला बोलायला जागा गावली. समुद्र बघायला चाललोय म्हणून सरळ सांगितलं असतं तर जाऊ दिलं नसतं, न्हाईतर दिलं असतं. पर मी खोटी तर ठरलो नसतो."

मी निरुत्तर झाले. मी तिच्या भल्यासाठीच ते कारण दिलं होतं. पण ते कारण देताना मीही हेच मान्य केलं होतं की नुसत्या आनंदासाठी बाईने जाणं हे लपवण्यासारखं आहे. नवरा जे म्हणत होता तेच मी जरा गोड शब्दांत म्हणत होते! आणि खोटं उघड पडलं तेव्हा उंबऱ्याबाहेर रात्र काढावी लागली ती मला नाही, तिला.

"आधी पोटाचं बघा"

हा लेख लिहिते आहे हे कळल्यावर एका जुन्या कार्यकर्तीने मला प्रेमानेच टोकलं. "अगं, हुंडा आहे, मारहाण आहे, मजुरीतली तफावत आहे. त्यात तू सहली काय घेऊन बसलीस? ही मध्यमवर्गीय चैन आहे."

या आक्षेपाला मी मान देते. पोटाचा प्रश्न पहिला, याबद्दल वाद नाही. पण आपला कामगार चळवळीचा इतिहास काय सांगतो? नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी रविवारच्या सुट्टीची मागणी केली आणि १८९० साली ती मिळवली. ते कामगार तेव्हा पोटभर जेवत होते का? नव्हते. तरी सुट्टी मागितली, कारण माणूस म्हणजे नुसते राबणारे हात नव्हेत हे त्यांना सांगायचं होतं. त्या सुट्टीला आज कुणी चैन म्हणत नाही. मग घरात राबणाऱ्या बाईचा रविवार कुठे आहे? उलट रविवारी तिला जास्त काम.

२०११ साली शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचं मुंबईतल्या बायका आणि सार्वजनिक जागा यांवरचं इंग्रजी पुस्तक आलं. बाईला कामाशिवाय, कारणाशिवाय रस्त्यावर रेंगाळण्याचा हक्क हवा, असं त्या मांडतात. ते शहराबद्दल आहे. पण मला वाटतं, खेड्यातल्या बाईला हा हक्क त्याहून जास्त लागतो. शहरात निदान कुणी ओळखत नाही. इथे एस. टी. स्टँडवर उभं राहिलं तरी चार जणांना सांगावं लागतं कुठे चाललो ते.

आणि मारहाणीचा प्रश्न वेगळा आहे का? दाराबाहेर ठेवलं ते कशावरून? हसणाऱ्या फोटोवरून. बाईच्या देहावरचा, वेळेवरचा, आनंदावरचा ताबा आणि तिच्या पाठीवरचा वळ हे एकाच हाताचे आहेत.

मागायचं काय?

१७ मार्च २०२३ पासून महिलांना एस. टी.त अर्ध्या तिकिटात प्रवास आहे. चांगली गोष्ट आहे. बायका बाजाराला, माहेराला, देवाला जास्त जाऊ लागल्या, हे आम्हाला दिसतं. पण तिकीट अर्धं झालं म्हणून घरातून निघणं अर्धं सोपं झालं नाही, आणि उतरल्यावर स्वच्छतागृह मिळतंच असं नाही. म्हणून माझ्या मते आपल्या संघटनांनी काही गोष्टी मागाव्यात, आणि काही स्वतः सुरू कराव्यात.

मागाव्यात त्या अशा : प्रत्येक पर्यटनस्थळी, मग तो धबधबा असो, गड असो की किनारा, बायकांसाठी चालू, पाणी असलेलं स्वच्छतागृह आणि कपडे बदलण्याची बंद खोली. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी घाटात दारू पिऊन धिंगाणा घालणाऱ्यांवर खरी कारवाई, बायकांनी जाऊ नये असा सल्ला नको. सुरक्षेची साधनं प्रत्येक होडीत. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ पर्यटकांची होडी उलटून दोघांचे जीव गेले, हे विसरायला नको. साहस म्हणजे निष्काळजीपणा नव्हे. बाईला साहसाचा हक्क हवा म्हणजे सुखरूप परत येण्याचाही हक्क हवा. आणि किनाऱ्यावरच्या, गडाखालच्या गावांतल्या बायकांना पर्यटनात नुसतं रांधायचं काम नको. होडीचं वल्हं, वाटाड्याचं काम, पाण्यात उतरण्याचं प्रशिक्षण आणि मिळकतीवरचं नाव हवं. वेंगुर्ल्याच्या बायकांनी ते होऊ शकतं हे दाखवलं आहे.

आणि स्वतः सुरू करायचं ते इतकंच : प्रत्येक गटाने वर्षातून एकदा कारण नसलेली सहल काढावी. लांब जायला हवं असं नाही. जवळचा गड, जवळची नदी. विधवा, परित्यक्ता, नवऱ्याच्या घरी राहणाऱ्या सगळ्या बरोबर. घरच्यांना खरं सांगून. ज्या घरातून नकार येईल तिथे गटाने जाऊन बोलावं, पुन्हा बोलावं. मागे घरात चूल कोण पेटवेल या प्रश्नाचं उत्तर घरातल्या पुरुषाकडून घ्यावं, शेजारणीकडून नव्हे. आणि परत आल्यावर कुणाला त्रास झाला तर दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी तिच्या दारात असावं. हे शेवटचं आधी ठरलेलं नसेल तर सहल काढू नये. हे मी अनुभवाने सांगते.

आमच्या गटाने पुढची सहल ठरवली आहे. पावसाळ्यात, रोपलावण संपली की, आठवड्याच्या मधल्या दिवशी आंबोलीला. यादीत सतरा नावं आहेत. गेल्या वेळी नकार मिळालेल्या दोघींपैकी एकीचं नाव तिच्या सासूने येऊन लिहिलं, आणि खाली स्वतःचंही. दाराबाहेर राहिलेल्या मैत्रिणीचं नाव अजून यादीत नाही. तिने सांगितलं आहे की ती विचार करते आहे. आम्ही तिची वाट बघू, तिच्यावर जोर करणार नाही. वहीत दरवेळी आम्ही प्रवासाचं कारण लिहितो. या वेळी आक्कांनी मला लिहायला लावलं, "धबधब्याखाली भिजणे."

मैत्रिणींनो, तुमच्या गावात, तुमच्या गटात काय अनुभव आहे? तुम्ही शेवटच्या कधी, काही काम नसताना, कुठे गेला होतात? घरी काय सांगितलंत? जरूर लिहा. खोटं सांगितलं असेल तर तेही लिहा. आपण एकमेकींना तरी खरं सांगू या.